मुंबईला लोकल, पुण्याला अ‍ॅक्टिव्हा: पेट्रोलचा हिशोब

कर्वेनगरी
राज्यवार इंधनविक्रीचे आकडे आले की 'महाराष्ट्र पुढे' म्हणून आपली कॉलर ताठ. मला त्यात मिरवण्यासारखं काही दिसत नाही. पेट्रोलियम मंत्रालयाच्या पीपीएसी या नियोजन-विश्लेषण कक्षाने 2014 मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत देशातलं 61 टक्के पेट्रोल दुचाकींच्या टाकीत जात होतं. मुंबईत विजेची लोकल 1925 पासून धावतेय, पुण्यात मेट्रो आली मार्च 2022 मध्ये. मधल्या काळात आपण घरटी दोन गाड्या घेतल्या. साधा हिशोब करा. शहरात डिझेलची बस लिटरला साडेतीन किलोमीटर देते असं धरू (पुण्याच्या पीएमपी बस आता सीएनजी आणि विजेवरच्या आहेत, पण समजायला सोपं). 40 माणसं असली तर एका लिटरात 140 प्रवासी-किलोमीटर. अ‍ॅक्टिव्हावर एकटा माणूस, 45. दुचाकीवर जादा कर लावा आणि तो पैसा बसला द्या.

सिंहगडरोड_कायमचा
40 माणसं कुठल्या बसमध्ये? दुपारी दोनला सहा असतात. सहा गुणिले साडेतीन, 21. जिंकली की अ‍ॅक्टिव्हा! आधी दर दहा मिनिटांनी बस सोडा, मग कराचं बोला. धायरीहून हडपसरला शिफ्टला जाणाऱ्याने काय चालत जायचं?

कर्वेनगरी
बस रिकामी म्हणून गाडी, की सगळ्यांकडे गाडी म्हणून बस रिकामी?

सिंहगडरोड_कायमचा
ते तुम्ही स्टॉपवर पाऊण तास उभे राहून ठरवा.

मालवाहतूक
दोघांचाही पायाच कच्चा आहे. राज्यवार आकडे विक्रीचे असतात, वापराचे नाहीत. माझे दोन ट्रक आहेत. गोव्याहून येताना ड्रायव्हर हद्दीवरच्या पत्रादेवी नाक्याआधी, गोव्यातच टाकी फुल करतो, कारण तिकडे डिझेल स्वस्त. विक्री गोव्याच्या खात्यात, धूर कोकणात आणि घाटात. आणि त्याच पाहणीत 70 टक्के डिझेल वाहतुकीत जात होतं, त्याचं कुणी बोलत नाही. डिझेल वाचवायचं म्हणून कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडच्या उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडणारे आहेत. असली बचत नको, ब्रेक लागत नाही मग.

विदर्भातून_पुण्यात
विजेच्या बसवर खूश होणाऱ्यांनी चंद्रपूरला एकदा येऊन जा. 2,920 मेगावॅटचं कोळशावरचं औष्णिक वीजकेंद्र आहे. तुमचा धूर आमच्या अंगणात.

कर्वेनगरी
अंगणाचा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ऊर्जेच्या हिशोबात मात्र एक धरा: पेट्रोलच्या इंजिनात बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन उडते, विजेच्या मोटरीत फारच थोडी.

विदर्भातून_पुण्यात
आणि कोळसा जाळताना किती उडते, ते कुठे धरलंत?

सिंहगडरोड_कायमचा
कर्वेनगरी, एक विचारू? तुम्ही स्वतः ऑफिसला कसे जाता?

कर्वेनगरी
वनाझपर्यंत गाडीवर, पुढे मेट्रो. रिक्षावाले कर्वेनगर म्हटलं की मान हलवतात हो.