आई-बाबांना घेऊन जपान, सगळा प्रवास रेल्वेने: पास घ्यावा का?

मुठाकाठ: नोव्हेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन दहा दिवस जपानला जातेय. टोकियो, क्योतो, हिरोशिमा एवढं नक्की. बाबा सत्तरीचे, गुडघे दुखतात. रोज सकाळी सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात दोन फेऱ्या मारतात, तेवढंच चालणं. बुलेट ट्रेनमध्ये बसायची त्यांची इच्छा फार जुनी आहे. आई पूर्ण शाकाहारी. टूरवाले सात दिवसांचा, देशभर चालणारा जेआर (जपान रेल्वे) पास घ्याच म्हणतायत. घेऊ का? आणि तीन मोठ्या बॅगा घेऊन चढणं-उतरणं झेपेल का?

ओसाकाकर: देशभराचा पास नका घेऊ. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनवरून ५०,००० वर गेला. नेटवरचे बरेच लेख अजून जुन्या भावानेच हिशेब मांडतात. टोकियो ते क्योतो साधारण १४,००० येन, क्योतो ते हिरोशिमा साडेअकरा हजार, हिरोशिमा ते ओसाका साडेदहा. बेरीज ३६,०००. परतीचं विमान ओसाकाहून, कान्साई विमानतळावरून घ्या, म्हणजे पुन्हा टोकियोला जायला नको.

शिवाय सगळ्यात वेगवान नोझोमी गाडीला पासधारकांनाही जादा पैसे भरावे लागतात. सुटं तिकीट काढलंत तर नोझोमीने सव्वादोन तासांत क्योतो. टोकियोहून निघताना ‘ई’ सीट बाबांना द्या, ‘डी’ आईंना. तुम्ही वाटेच्या पलीकडे ‘सी’वर. आकाश मोकळं असेल तर पाऊण तासाने उजव्या हाताला, बाबांच्या खिडकीतून फुजी दिसेल.

घाटमाथा: बॅगांचं मी सांगते. सासूबाईंना घेऊन गेलो तेव्हा एका मोठ्या स्टेशनात लिफ्ट शोधता शोधता आमची गाडी गेली. लिफ्ट होती, पण फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला. मधल्या स्टेशनांवर शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, दीड-दोन मिनिटंच थांबते, तेवढ्यात तीन बॅगा आणि दोन वडीलधारी माणसं उतरवायची म्हणजे जीव टांगणीला लागतो. बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर जात असेल तर सामानाच्या जागेसकट सीट आधी आरक्षित करावी लागते, नाहीतर १,००० येन दंड.

त्यापेक्षा ‘ताक्क्यूबिन’ करा. टोकियोच्या हॉटेलच्या काउंटरवर बॅगा द्यायच्या, दुसऱ्या दिवशी त्या क्योतोच्या हॉटेलात पोचतात. बॅगेमागे दोन-तीन हजार येन जातात. जिथे पैसे वाचवायचे तिथे वाचवा, पण हे अजिबात वाचवू नका. एका रात्रीचे कपडे आणि बाबांची औषधं मात्र पाठीवरच्या पिशवीत ठेवा.

आईंचं जेवण: नुसत्या भाज्या दिसणाऱ्या सूपमध्येही बहुधा ‘दाशी’, म्हणजे माशाचा अर्क, असतो, त्यामुळे बघून ठरवू नका, विचारा. गाडीत खाता येतं, सगळेच जेवणाचे डबे उघडतात. आम्ही दशम्या, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती.

सेतोकाठ: ओसाकाकरांचं बरोबर, फक्त त्यात एक भर. क्योतोच्या पुढे जेआर वेस्टचा (पश्चिमेकडची जेआर कंपनी) कान्साई-हिरोशिमा पास बघा. पाच दिवसांचा, १७,००० येनच्या आसपास. शिन-ओसाका (ओसाकाचं बुलेट ट्रेनचं स्टेशन) ते हिरोशिमा नोझोमीसुद्धा त्यात चालते, हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटाची जेआरची बोटही. क्योतो ते शिन-ओसाका एवढा टप्पा साध्या गाडीने करायचा, अर्धा तास.

हे सांगायचं खरं कारण तुमचे बाबा. पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून बेतलंय ती कोराकुएन ओकायामात आहे, तुमच्या हिरोशिमाच्या वाटेवरच! तिथे नोझोमी थांबते. सुट्या तिकिटावर मध्ये उतरलं की शिंकान्सेनचं जलद तिकीट तिथेच संपतं. या पासवर खुशाल उतरा. स्टेशनातल्या लॉकरमध्ये पिशव्या टाका, समोरून ट्रामने शिरोशिता थांब्यापर्यंत, तिथून थोडं चालणं. बाग बरीचशी सपाट आहे, गुडघ्यांना सोसेल. नोव्हेंबरच्या मध्यानंतर मेपल लाल झालेले असतील.

मुठाकाठ: बाबांना आत्ताच वाचून दाखवलं. ‘हिरोशिमाला एक रात्र कमी कर, पण तिथे उतरायचंच’ म्हणाले. मग टोकियो ते क्योतो सुटं तिकीट, पुढे हा पास, बॅगा ताक्क्यूबिनने. ओकायामाला किती वेळ ठेवू?

सेतोकाठ: चार तास ठेवा. बाबांना घाई नको. बागेत चहाची जागा आहे, तिथे त्यांना निवांत बसू द्या.