शब्दचर्चा: ट्रान्सफोबियाला 'भयगंड' म्हणायचं का?

कावळीण
शाळेतल्या शिक्षकांसाठीची एक छोटी पुस्तिका मराठीत करतेय. काम दादरच्या एका संस्थेचं आहे. ट्रान्स माणसांबद्दलचा (जन्मावेळी ठरवलेलं लिंग ज्यांना आपलं वाटत नाही अशांबद्दलचा) आकस आणि मानसिक आजाराबद्दलचा आकस एकमेकांना कसे पोसतात, असा विषय आहे. बाकी सगळं झालंय, दोन शब्दांपाशी घोडं अडलंय: ट्रान्सफोबिया आणि स्टिग्मा. संपादकांनी पहिल्याचं 'पारलिंगी-भयगंड' केलंय आणि दुसऱ्याचं 'कलंक'. मला दोन्ही खटकतायत. भयगंड हे दुखण्याचं नाव आहे. लिफ्टचं दार बंद झालं की ज्याला दरदरून घाम फुटतो, त्याला भयगंड असतो. ट्रान्स मुलीला खोली नाकारणाऱ्या घरमालकाला कुठे घाम फुटतो? शिवाय मानसिक आजार म्हणजे शिवी नव्हे, हे सांगायला पुस्तिका काढायची आणि तिच्यातच वाईट वागणाऱ्याला रोगी ठरवायचं? शुक्रवारी छपाईला द्यायचंय. सुचवा.

निवृत्त मास्तर
फोबियाला भयगंड हा परिभाषेत रुळलेला शब्द आहे, तो उगाच मोडू नये. भीती नसेल तर सरळ 'द्वेष' म्हणा. आणि 'पारलिंगी' कशासाठी? 'तृतीयपंथी' आहे की. सरकारी मंडळाच्या नावातही तोच आहे. शब्द वापरला की रुळतो. सावरकरांचा 'महापौर' आज कुणाला परका वाटतो?

कुर्ला पूर्व
मास्तर, मी ट्रान्स पुरुष आहे. पंथ म्हटलं की गुरू आला, चेले आले, घराणं आलं. हिजडा समाजात ते सगळं आहे, त्यांना तो शब्द शोभतो. मी आईवडिलांकडे राहतो आणि एका सीएकडे जमाखर्च लिहितो. माझा पंथ कुठला? आणि तिसरा म्हणताना पहिला नंबर कुणी कुणाला दिला? 2014च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सुप्रीम कोर्टाने तृतीय लिंग मान्य केलंच, पण स्वतःला पुरुष किंवा स्त्री म्हणवून घ्यायचा हक्कही मान्य केला. तो दुसरा भाग कुणाला आठवत नाही.

निवृत्त मास्तर
आपल्या भावनेचा आदर आहे. पण मग व्याकरण पाहू. 'परलिंगी' की 'पारलिंगी'? पर म्हणजे दुसरा, पार म्हणजे पलीकडे.

सातरस्ता
पार म्हणजे वडाखालचा कट्टाही. आणि 'पार वाट लागली'मधलाही पार. चालू द्या.

कावळीणताई, 'द्वेष'ही पुरत नाही हो. आमच्या चाळीतली माणसं द्वेष करणारी नव्हती. तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा घरात कुणी नसताना बहिणीचे कपडे घालायचा. सगळे म्हणायचे, 'बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, ठाण्याला दाखवून आणा.' तळमजल्यावरचे एक काका गिरणी बंद पडल्यापासून जिन्यात एकटेच बोलत बसायचे. त्यांनाही तेच, 'ठाण्याला दाखवून आणा.' मनोरुग्णालय तिथे 1901पासून आहे, म्हणजे कितीतरी पिढ्या हे वाक्य मुंबईत फिरतंय. दोघांना काय होतंय हे कुणी विचारलं नाही. नजरेआड झाले की काम झालं. तुमच्या पुस्तिकेतला अख्खा संबंध त्या एका वाक्यात आहे बघा. आणि ते म्हणणाऱ्यांच्या मनात द्वेष नव्हता, कीव होती. कीव आणि किळस यांना मिळून एक शब्द आहे का मराठीत?

गिरगावची माई
आमच्या लहानपणी डोक्यावर परिणाम वगैरे नव्हतं रे बाबा, 'बाहेरचं' असायचं. आणि मुलगा बायकी वागायला लागला, वर केसांत जट आली, की घाटावरची माणसं म्हणायची, यल्लम्मानं ओढलं. मग तो जोगता, देवीला वाहिलेला. त्यातही त्याचे हाल होतेच, मी काही जुनं ते सोनं म्हणत नाही. पण दोष बाहेरच्याचा नाहीतर देवीचा असायचा. डॉक्टर आले आणि दोष थेट पोराच्या डोक्यात जाऊन बसला.

डॉक यार्ड
माईंचा शेवटचा टोला आमच्या धंद्याला बसलाय आणि तो रास्त आहे. पळून जाणाऱ्या गुलामांना पळण्याचा रोग आहे, असं 1851 साली एका अमेरिकन डॉक्टरने गंभीरपणे लिहून ठेवलंय. रोगाला ग्रीक नावही दिलं होतं, ड्रॅपेटोमेनिया. नकोशा माणसाला रोगी ठरवायची खोड जुनीच आहे.

आता आजचं सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत ट्रान्स असणं मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेलंय. 2022पासून ते लागू आहे. चांगलंच झालं. पण त्यानंतर ओपीडीत एक वाक्य फार ऐकू येतं, 'डॉक्टर, आता पुस्तकातही आलंय, आम्ही वेडे नाही.' आनंद समजतो. तरी मनात येतं, प्रकरण बदललं नसतं तर काय यांना हिडीसफिडीस करायला मुभा होती? माझे स्किझोफ्रेनियाचे पेशंट बाहेरच्या बाकावर बसून हेच वाक्य ऐकत असतात. त्यांचं प्रकरण बदलणार नाहीये.

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणा निघाला. 2017चा मानसिक आरोग्य कायदा स्पष्ट सांगतो की समाजाच्या नैतिक-सांस्कृतिक चौकटीत कुणी बसत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक आजारी ठरवता येणार नाही. आणि जो खरोखर आजारी आहे त्याच्याशीही सन्मानाने वागा, हे त्याच कायद्यात आहे. दोन्ही गोष्टी एकदम.

कुर्ला पूर्व
डॉक्टर, तुम्ही बाकावरचं बोललात म्हणून लिहितो. हार्मोन सुरू करायचे तर मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी लागते, आमच्यात तिला नुसतं 'चिठ्ठी' म्हणतात. मला तेव्हा डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या. सीनियर लोकांनी आधीच पढवलं होतं, गोळ्यांचं तोंडातून काढू नकोस, नाहीतर 'आधी डोकं ठीक करून या, मग बघू' म्हणून परत पाठवतील. म्हणून मी खोटं बोललो. ज्या माणसाशी खरं बोलायला जायचं, त्याच्याशीच खोटं. उलट, ज्या समुपदेशक बाईंना सगळं खरं सांगितलं होतं त्यांचं म्हणणं, झोप येत नाही ती ट्रान्स असल्यामुळे. दाढ दुखली असती तरी त्यांनी तेच सांगितलं असतं. घरात रोज भांडणं, ऑफिसात कुठल्या बाथरूमला जायचं याचा घोर, हे त्यांना दिसेचना.

आणि आमचेही लोक काही धुतल्या तांदळाचे नाहीत. आमच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, 'आपण काय मेंटल आहोत का?' वीस जणांनी अंगठा दाखवला. एका मैत्रिणीला बायपोलर आहे, तीही ट्रान्स. रात्रीत ग्रुप सोडून गेली. तिने काय करायचं? ट्रान्स म्हणून आमच्यात राहायचं तर आजार लपवायचा, आजाराला औषध घ्यायचं तर ट्रान्स असणं लपवायचं.

डॉक यार्ड
डिप्रेशनवर औषध चालू असणं हे चिठ्ठी नाकारायचं कारण होऊच शकत नाही, एवढं इथे नोंदवून ठेवतो. नाकारतात, हेही खरं.

निवृत्त मास्तर
हे सारे गंभीर आहे, परंतु धागा शब्दाचा आहे. गंड म्हणजे संस्कृतात गाल, आणि सूज किंवा गाठही. गलगंड, गंडमाळ. म्हणजे न्यूनगंड ही मनाची गाठ. तेव्हा भयगंड म्हटल्याने कुणी रोगी ठरतो असे नाही.

सातरस्ता
गाठ आली की डॉक्टरकडेच जातात, मास्तर. आणि 'सगळं गंडलंय'मधला गंड कुठला?

निवृत्त मास्तर
तो गंडवणेमधला, म्हणजे फसवण्यातला. दोहोंचा संबंध नाही.

सातरस्ता
नसायला काय झालं. पारलिंगी-भयगंड वाचून मी पार गंडलो ना.

सोनचाफा
'कलंक'चं कुणीच बोललं नाही. कलंक चंद्राच्या अंगचा असतो. चंद्रावर डाग आहे म्हटलं की बोट चंद्राकडे जातं. स्टिग्मा मुळात ग्रीक, गुलाम-कैद्यांच्या अंगावर उठवलेली खूण. तो डाग कुणीतरी उठवलेला असतो. मी 'डागणी' सुचवते. गुरांना डागतात, तापलेल्या सळईने. डागणी म्हटलं की सळई कुणाच्या हातात आहे हे विचारावंच लागतं. मेळघाटात तान्ह्या पोरांच्या पोटावर डागण्या देतात, डंबा म्हणतात त्याला, आणि तेही पोर बरं व्हावं म्हणून! ट्रान्स मुलांना 'सरळ' करायला आईबाप ज्या उपचारांना नेतात, ते याहून वेगळं काय आहे? 2022मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असल्या उपचारांना डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलं, तरी नेणारे नेतातच.

निवृत्त मास्तर
डागणी हा गुरांचा शब्द. शिक्षकांच्या हाती द्यायचा?

सोनचाफा
वर्गात 'ए मेंटल' आणि 'ए छक्का' एका दमात ऐकतात शिक्षक. डागणीने त्यांना काही होणार नाही.

कावळीण
डागणी मला आवडला. संपादक म्हणतात, 'लोकांना वाटेल पुस्तिका पशुसंवर्धनाची आहे.' पण भयगंडाचं काय करू?

डॉक यार्ड
तमिळवाल्यांचं बरं आहे. मद्रास हायकोर्टाने 2021मध्ये मनावर घेतलं आणि 2022मध्ये तमिळनाडू सरकारने या विषयाची शब्दावलीच राजपत्रात छापली.

सातरस्ता
आपल्याकडे समिती नेमली तर 'पर' की 'पार' यावर पहिली दोन वर्षं. अध्यक्ष मास्तर.

निवृत्त मास्तर
मानधन मिळणार असल्यास विचार करू. मूळ पोस्टमध्ये मात्र आपण सर्रास 'आकस' वापरलात, तो मला बरा वाटला. त्यात रोग नाही, नुसती भीतीही नाही. फारसीतून आला असावा, तेवढे चालवून घेऊ.

कावळीण
'ट्रान्सविरोधी आकस'? त्यात जोर नाही हो. आकस जावेचा जावेशी असतो. घराबाहेर काढणं, नोकरी न देणं, हे आकसात मावतं का?

गिरगावची माई
आमच्या सासरी 'डूख' म्हणत. डूख धरणं.

सोनचाफा
माई, डूख साप धरतो, शेपटीवर पाय पडला म्हणून. इथे पाय कुणी कुणावर दिलाय?

निवृत्त मास्तर
साप सूड घेत नाही, त्यामुळे 'डूख' हा शब्दच शास्त्रीयदृष्ट्या शंकास्पद आहे. डंखाशी त्याचे नाते असावे, असा माझा कयास आहे.

सातरस्ता
माझा कयास, दुःखाशी. दुःख, दूख, डूख. मांडा डाव.