शब्दचर्चा: दमसासाची शर्यत की सहनशक्तीची?

प्रश्न: माझदा ७८७बी या गाडीवर लेख लिहितोय. जून १९९१मध्ये तिने फ्रान्समधली ला मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. जपानी कंपनीचा तिथला तो पहिला विजय. दोन शब्दांपाशी अडलोय. 'एन्ड्युरन्स रेस'ला 'सहनशक्ती शर्यत' लिहिलं आणि खोडलं. आणि 'रोटरी इंजिन'ला काय म्हणू? कोशातलं 'घूर्णी' कुणाच्या तोंडी नाही.

प्रतिसाद: खोडलंत ते बरं केलंत. सहन करणं म्हणजे येईल ते सोसणं. गवयाचा असतो तो दमसास. श्वास पुरवून वापरायचा आणि सूर ढळू द्यायचा नाही. ला मान्सला त्या वर्षी इंधनाचा कोटा ठरलेला होता, म्हणजे नुसतं पळून भागणार नव्हतं. आघाडीवरची मर्सिडीज सुमारे तीन तास उरलेले असताना बंद पडली आणि ५५ नंबरची ही केशरी-हिरवी गाडी पुढे गेली. एकूण ३६२ फेऱ्या, ४,९०० किलोमीटरच्या वर. 'दमसासाची शर्यत' लिहा.

प्रतिसाद: इंजिनाचं सांगते. नेहमीच्या इंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खालीवर होतो. इथे फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो, पण जात्यासारखा एका खुंटीवर नाही. आजीचा दगडी रगडा आठवा. बत्ता स्वतःभोवती फिरायचा आणि खळग्याच्या कडेकडेने प्रदक्षिणाही घालायचा. रोटरची चाल तशीच. त्याचा एक फेरा होईतो मधला दांडा तीन फेरे घेतो. मी 'फिरत्या दट्ट्याचं इंजिन' म्हणेन. ७८७बीमध्ये असे चार रोटर होते, मिळून २.६ लिटर, ताकद सुमारे ७०० अश्वशक्ती.

प्रश्नकर्ता: रगड्याने डोळ्यांपुढे चित्रच उभं राहिलं, आभार! आता आणखी एक. रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या थरथरून आतल्या भिंतीवर खुणा उमटायच्या. साठच्या दशकात हिरोशिमातले माझदाचे इंजिनियर त्यांना 'सैतानाच्या नखांच्या खुणा' म्हणत. इथे चरे की ओरखडे?

प्रतिसाद: गॅरेजात 'सिलिंडरला चरे पडलेत' असंच म्हणतात, पण नखं आली की ओरखडेच. त्या ओरखड्यांवर उपाय शोधण्यात त्या लोकांची वर्षं गेली. पुढे ७८७बीच्या इंजिनात या पट्ट्या सिरॅमिकच्या होत्या, हेही लेखात येऊ द्या.

प्रतिसाद: एक विनंती. 'सहनशक्ती' पूर्ण टाकून देऊ नका. वायडलर, हर्बर्ट आणि गाशो हे तिघं चालक. शेवटची पाळी जॉनी हर्बर्टची होती. गाडी थांबली तेव्हा अंगातलं पाणी इतकं कमी झालं होतं, की तो कोसळला. विजयमंचावर बाकीचे दोघंच उभे राहिले. दमसास गाडीचा म्हणा, सहनशक्ती त्याची.

प्रश्नकर्ता: पटलं. शीर्षकात दमसास, आणि हर्बर्टच्या परिच्छेदात सहनशक्ती.