ब्रूस डेव्हिसला पॅरोल नाकारणं बरोबर होतं का?

तर्कटराव:
डेव्हिस हा अमेरिकेतल्या खुनी पंथाचा म्होरक्या चार्ल्स मॅन्सन याच्या टोळीतला एक साथीदार. १९६९ मधल्या गॅरी हिनमन आणि शॉर्टी शे यांच्या खुनांत १९७२ मध्ये जन्मठेप झाली. याच टोळीने १९६९ मध्ये मारलेल्या अभिनेत्री शॅरन टेटच्या घरी तो नव्हताच, पण लोक त्याला तिथेच नेऊन उभा करतात. जन्म १९४२चा. पॅरोल मंडळाने २०१० पासून अनेकदा 'सोडा' म्हटलं, आणि श्वार्झनेगर, ब्राऊन, न्यूसम या कॅलिफोर्नियाच्या तिन्ही गव्हर्नरांनी ते फिरवलं. (इथे पॅरोल म्हणजे चार दिवसांची रजा नव्हे, देखरेखीखाली सुटका.) कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलंय की गुन्हा भयंकर होता एवढं कारण पुरत नाही, माणूस आज धोकादायक आहे का ते बघा. म्हातारा कुणाला काय करणार आहे?

निर्मला_व:
'साथीदार' हा शब्द फार सोयीचा पडतो हो! शेवर त्याने स्वतः चाकू चालवला, 'फक्त खांद्यावर' म्हणे. त्याच्या म्हातारपणाची दया येते तुम्हाला. हिनमन ३४ वर्षांचा होता, शे ३५चा.

तर्कटराव:
मग स्टीव्ह ग्रोगनचं काय? शेच्याच खुनात दोषी, आणि १९८५ला बाहेर!

निर्मला_व:
त्याने शव कुठे पुरलंय याचा नकाशा काढून दिला, म्हणून १९७७ मध्ये ते सापडलं. आठ वर्षं माणूस नुसता गायब होता. पश्चात्ताप दाखवायचा तर असा. प्रवचनं सगळेच देतात.

जुना वकील:
भांडताय ते ठीक, पण खरी मेख वेगळीच आहे. मंडळाचा निर्णय फिरवायचा अधिकार गव्हर्नरला १९८८च्या सार्वमताने मिळाला. मॅन्सनचं नाव चिकटलेला कैदी सोडून कुठला पुढारी मतं घालवेल? याच टोळीतली लेस्ली व्हॅन हाउटेन २०२३ मध्ये सुटली ती अपील न्यायालयाने न्यूसमचा नकार रद्द केला म्हणून. तेव्हा ती ७३ वर्षांची होती.

निर्मला_व:
राजकारण असेलही. पण दर सुनावणीला मृतांच्या घरच्यांनी येऊन तीच जखम उघडी करायची, त्याचं काय?

तर्कटराव:
ते क्रूरच आहे, मान्य. म्हणून माणसाला आतच मरू द्यायचं?

निर्मला_व:
त्याच टोळीतली सुसान अ‍ॅटकिन्स मेंदूच्या कर्करोगाने २००९ मध्ये आतच गेली. खरं सांगते, तेव्हा मलाही कसंसंच झालं होतं. मत मात्र बदललं नाही.