दगड झिजवणारे जिवाणू काळ्या मातीत कशाला?

दांडियाबाजार:
आम्ल मातीतले जिवाणू खनिजं झिजवतात, हे मला मान्य आहे. फ्रान्सच्या मोर्वाँ भागात ग्रॅनाइटवरच्या आम्ल मातीत जंगल आहे. तिथे झाडांच्या मुळांवरच्या बुरशीलगत बर्कहोल्डेरिया, कॉलिमोनास असे जिवाणू सापडले, आणि काळ्या अभ्रकातून लोह सोडवण्यात ते आसपासच्या मातीतल्या जिवाणूंपेक्षा सरस निघाले. राग येतो तो याचा, की याच गुणाच्या नावावर माझ्या मेव्हण्याला वडोदऱ्याजवळच्या करजणच्या काळ्या रानासाठी जिवाणूंच्या चार बाटल्या विकल्या. विकणाऱ्याने मातीचा सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल ते; 7 च्या खाली आम्ल) सुद्धा विचारला नाही.

काल घरी दोन बशा मांडल्या. एकीत त्याच्या शेतातली माती, पांढऱ्या चुनखड्यांसकट. दुसरीत आत्याने सावंतवाडीहून आणलेली तांबडी. दोन्हींवर लिंबू पिळलं. काळ्या मातीतल्या खड्यांवर बारीक फेस धरला, कान जवळ नेला तर चरचर ऐकू येत होती. तांबडी नुसती भिजली. जिवाणूचं हत्यारही आम्लच. मुळातून पाझरणाऱ्या ग्लुकोजचं तो ग्लुकॉनिक आम्ल करतो, त्यातले हायड्रोजन आयन खनिजात घुसून पोटॅशियम, मॅग्नेशियम बाहेर काढतात. सामू 5 असलेल्या मातीत ते आम्ल टिकेल. आपल्याकडे सामू 8 आणि वर चुना. जिवाणूची सगळी कमाई चुनाच खाणार.

कपाशीवाला, करजण:
दादा, बशीतली माती म्हणजे रान नव्हे. मुळाला चिकटलेल्या दोन मिलिमीटर मातीचा सामू बाहेरच्यापेक्षा वेगळा असतो. तूर हवेतलं नत्र बांधते तेव्हा तिची मुळं स्वतःच हायड्रोजन आयन सोडतात. जिवाणू राहतो तिथेच, सबंध एकर त्याला आंबट करायचं नसतं.

आणि एक गोष्ट तुम्ही उलटी धरलीत. आपल्या मातीत स्फुरद (फॉस्फरस) कॅल्शियमला बांधलेलं असतं, ते आम्लाने सुटतं. कोकणात ते लोह आणि ॲल्युमिनियमने धरून ठेवलंय, तिथे नुसत्या आंबटपणाने भागत नाही. म्हणजे स्फुरदापुरतं बोलायचं तर आम्ल सोडणाऱ्या जिवाणूची गरज आपल्यालाच जास्त! पालाशचं (पोटॅशियमचं) सोडून द्या, काळ्या मातीत तो बहुधा पुरेसा असतो.

सूक्ष्मदर्शी:
मी दादांच्या बाजूने. प्रयोगशाळेत हे जिवाणू निवडतात ते पिकोव्हस्काया नावाच्या वाढमाध्यमावर, 1948 पासूनची पद्धत. न विरघळलेल्या स्फुरदाने दुधाळ झालेल्या थाळीत जिवाणूंच्या वसाहतीभोवती काचेसारखं स्वच्छ वलय उमटलं की जिवाणू पास. पण त्या थाळीत ग्लुकोज भरपूर असतं आणि आम्लाला अडवणारं फारसं काही नसतं. आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या संशोधकांनी 1998 मध्ये हे दाखवलं: काळ्या मातीसारखा आम्ल शोषणारा बफर माध्यमात घातला की नावाजलेल्या जिवाणूंचं स्फुरद सोडवणं कोलमडतं. बाटलीवाल्यांनी आधी या परीक्षेला बसावं.

कपाशीवाला, करजण:
मग त्याच विद्यापीठाचं पुढचं कामही सांगा की! तुरीच्या मुळालगतच्या मातीतून त्यांनी एंटरोबॅक्टर आस्बुरिए नावाचा जिवाणू वेगळा केला, आणि तो बफर असतानाही स्फुरद सोडवतो. म्हणजे दोष काळ्या मातीचा नाही, चुकीचा जिवाणू निवडण्याचा आहे.

सावंतवाडीची आत्या:
माझी माती बशीत घातलीस म्हणून सांगते. आमच्याकडे आम्ल आहे म्हणून सगळं आपोआप झिजतं असं समजू नकोस. जांभ्यातून झिजण्यासारखं बरंचसं पावसाने केव्हाच धुऊन नेलंय, उरलंय ते लोह आणि ॲल्युमिनियम. त्या लोहाला पकडून बाजूला करणारं सायट्रिक, ऑक्झॅलिक आम्ल लागतं. तुरीचं मूळ पिसिडिक आम्ल सोडून तेच करतं. नुसत्या सामूवर वाद घालू नका रे.

दांडियाबाजार:
आत्या, पकडणाऱ्या आम्लाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. कपाशीवाले, कॅल्शियमचंही तुमचं बरोबर. पण मेव्हण्याच्या बाटलीवर जिवाणूचं नावच नाही, नुसता डोंगर फोडणारा हात छापलाय. तो जिवाणू तुरीच्या मुळाचा की आणखी कुठला, हे कळायला नको? तेवढं छापल्याशिवाय काळ्या मातीत तो विकू नये, यावर मी ठाम आहे. यंदा तुरीत तीन पट्टे पाडतो. एकाला बाटली तशीच, दुसऱ्याला तीच उकळून गार केलेली, तिसरा कोरा.

कपाशीवाला, करजण:
उकळलेला पट्टा कोणता ते मेव्हण्यालाही सांगू नका. शेंगा मोजायला मी स्वतः येतो.