नोकरी गेली, खोलीचे भाडे थकले : कोल्हापुरात मदत कोणाकडे मागावी?

प्रश्न : उचगावहून, सीएनसी ऑपरेटर

सर्वांना नमस्कार. माझे वय २४ असून मी मूळचा चंदगड तालुक्यातील आहे. आयटीआय झाल्यावर गेली तीन वर्षे मी शिरोली एमआयडीसीतील एका मशीन शॉपमध्ये कंत्राटदारामार्फत सीएनसी मशीन चालवत होतो. पगार १४,००० रुपये होता आणि पीएफ व ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) दोन्ही कापले जात होते. सात आठवड्यांपूर्वी ऑर्डर कमी झाल्याचे सांगून आम्हा सात जणांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका असे तोंडी कळवण्यात आले. शेवटच्या अकरा दिवसांचा पगार अजून मिळालेला नाही. आधी राजीनाम्यावर सही करा, मग हिशेब मिळेल, असे कंत्राटदाराचे म्हणणे आहे. मी अद्याप सही केलेली नाही.

उचगावात एक खोली आणि तिला लागून लहानसे स्वयंपाकघर, एवढी जागा मी भाड्याने घेतली आहे. भाडे ४,५०० रुपये, वीजबिल वेगळे, अनामत १५,००० रुपये. माझी धाकटी बहीण बी. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला असून माझ्याजवळच राहते. दोन महिन्यांचे भाडे थकले आहे. घरमालक एसटीतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ आहेत आणि आजवर त्यांनी आवाज चढवलेला नाही, पण येत्या एक तारखेपर्यंत काय ते स्पष्ट सांगा, असे त्यांनी परवा दारात उभे राहून सांगितले. गावी वडिलांची एक एकर भातशेती आणि काजूची थोडी झाडे आहेत. त्यांच्याकडे पैसे मागण्याची माझी इच्छा नाही.

बेरोजगार तरुणाला घरभाड्यासाठी सरकारकडून काही मदत मिळते का? मिळत असेल तर अर्ज कोठे करावा? मिळत नसेल तर मी प्रथम काय करावे? नोटरी केलेला अकरा महिन्यांचा भाडेकरार होता, पण तो संपून आता वर्ष होत आले आहे.

उत्तर १ : टाइम ऑफिसमध्ये २२ वर्षे

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी स्पष्ट देतो, म्हणजे तुमचे हेलपाटे वाचतील. शिक्षण संपलेल्या बेरोजगार तरुणाला केवळ घरभाड्यासाठी दरमहा रक्कम देणारी योजना आपल्या राज्यात नाही. 'भाडे मंजूर करून देतो' असे सांगून कोणी अर्जाचे पैसे मागत असेल, तर त्याच्या नादी लागू नका. मात्र तुमच्या बाबतीत मदत दुसऱ्या दाराने येऊ शकते, आणि ते दार म्हणजे तुमच्या पगारपत्रकावरील ईएसआयची ओळ आहे. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, म्हणजे १४,००० रुपयांवर दरमहा १०५ रुपये, आणि मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के असतो. दवाखान्यासाठी कापतात, एवढेच आपल्याकडे बहुतेकांना माहीत असते. परंतु त्याच विम्याखाली १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली असून, नोकरी गेलेल्या विमाधारकाला तिच्यातून सरासरी दैनिक कमाईच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत मिळते. सुरुवातीला हे प्रमाण २५ टक्के होते, ते कोविडच्या काळात ५० टक्के करण्यात आले. तुमच्या पगाराचा हिशेब केला तर दिवसाला साधारण २३० रुपये, म्हणजे ९० दिवसांचे सुमारे २१,००० रुपये होतात. तुमच्या खोलीचे हे साडेचार महिन्यांचे भाडे आहे.

अटी अशा आहेत. नोकरी जाण्यापूर्वी किमान दोन वर्षे विम्याखालील नोकरी असावी. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन कालखंड असतात. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या कालखंडात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी, आणि त्याआधीच्या तीन कालखंडांपैकी एकात तेवढीच. तुमची तीन वर्षे सलग असल्याने यात अडचण येऊ नये. बेरोजगारीचे ३० दिवस झाल्यानंतर दावा करता येतो, तो कामगाराने स्वतः ऑनलाइन भरून ईएसआयच्या शाखा कार्यालयात द्यायचा असतो, त्यासाठी मालकाच्या मागे फिरावे लागत नाही. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून कार्यालयात गेल्यावर सध्याची मुदत प्रथम विचारून घ्या आणि दिवस घालवू नका. हा लाभ आयुष्यात एकूण ९० दिवसांपुरताच आहे आणि नवीन नोकरी लागली की तो थांबतो, हेही ध्यानात ठेवा.

आता राजीनाम्याविषयी. ही सही करू नका, हे मी कळकळीने सांगतो. गैरवर्तनाबद्दल झालेली शिक्षा, वयोमानानुसार निवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती, या कारणांनी नोकरी गेली असेल तर वरील लाभ मिळत नाही. 'मी घरगुती कारणास्तव स्वखुशीने काम सोडत आहे' असा तुमच्या सहीचा कागद उद्या तुमच्याच विरोधात वाचला जाऊ शकतो. त्याशिवाय, ज्या कामगाराची वर्षभर सलग सेवा झाली आहे त्याला कामावरून कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार, तसेच पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून देणे कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्या तीन वर्षांसाठी ही ४५ दिवसांची भरपाई अधिक एक महिन्याचा पगार, अशी रक्कम होते. एका सहीने तिच्यावरचा तुमचा हक्क कमकुवत होतो. काम केलेल्या अकरा दिवसांचा पगार तर कोणत्याही सहीशिवाय तुमचाच आहे आणि कंत्राटदाराने तो दिला नाही, तर तो चुकता करण्याची जबाबदारी मूळ कारखान्यावर येते. सातही जणांनी मिळून तारखेसह लेखी पत्र द्या, त्याची पोच घ्या, आणि आठवड्यात उत्तर आले नाही तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या. एकट्याने गेल्यास टोलवाटोलवी होते. सात जण एकत्र गेले की प्रकरणाची नोंद होते, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

पीएफविषयी थोडक्यात सांगतो. नोकरी गेल्यानंतर शिलकीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. कंत्राटदाराने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः पोर्टलवर भरू शकता. मात्र सगळे काढू नका, थकबाकीपुरतेच काढा.

उत्तर २ : राजारामपुरीतील घरमालकीण

मी स्वतः दोन खोल्या भाड्याने देते, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहीत आहे. भाडे थकल्याचा त्रास होतोच, पण त्याहून अधिक त्रास होतो तो भाडेकरू तोंड चुकवू लागतो तेव्हा. माझ्याकडे एक मुलगा मला दिसू नये म्हणून रात्री अकरानंतर चप्पल हातात घेऊन जिना चढत असे. त्याने पहिल्याच महिन्यात खाली येऊन 'काकू, काम सुटले आहे' एवढे सांगितले असते, तर मी त्याला नक्कीच सांभाळून घेतले असते. तुमचे मालक समजूतदार दिसतात. एक तारखेची वाट न पाहता आजच त्यांच्याकडे जा, आणि ईएसआयचा दावा केल्यावर त्याची पोचपावती त्यांना दाखवा. केव्हा तरी देतो, असे म्हणू नका. किती आणि कोणत्या तारखेला, हे सांगा.

अनामत ही अशाच प्रसंगासाठी असते. थकलेल्यापैकी एक महिन्याचे भाडे तीमधून वळते करून घ्यावे आणि उरलेले हप्त्यांनी घ्यावे, असे तुम्ही सुचवू शकता. जे ठरेल ते साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या करा.

कराराविषयी एक गोष्ट अनेक घरमालकांनाही ठाऊक नसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, केवळ नोटरी पुरेशी नसते. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते आणि नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. हे तुम्ही मालकांना धमकावण्यासाठी वापरू नका. नवा करार नोंदवून घेण्यात त्यांचेही हित आहे, हे समजावून सांगण्यासाठी वापरा. बहिणीसाठी कोणत्याही निवास भत्त्याचा अर्ज करायचा झाला तर तुम्हालाही हाच कागद लागेल. आणखी एक : पुढे वाद झालाच, तरी भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडण्याचा अधिकार घरमालकाला नाही.

उत्तर ३ : गावाकडून

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. दोन महिने गावी जाऊन राहावे, काजूच्या हंगामात वडिलांना हातभार लावावा, आणि काम मिळाले की परत यावे. बहिणीला मैत्रिणीकडे ठेवता येईल. ४,५०० रुपयांसाठी डोक्यावर कर्ज करून घेऊ नका.

उत्तर ४ : सायबर चौकाजवळून, एम. एस्सी. विद्यार्थिनी

वरील सल्ल्यामागची आपुलकी मला समजते, परंतु तो मला पटत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल येथे ऑपरेटरची जागा रिकामी झाली की आदल्या संध्याकाळी फोन येतो आणि सकाळी सातला गेटवर उभे राहावे लागते. चंदगडहून ते जमणार नाही. शिवाय खोली सोडल्यावर पुन्हा नवी अनामत उभी करावी लागेल, जी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक होईल.

मला बहिणीविषयी सांगायचे आहे, कारण या घरात भाड्याची मदत मिळण्यास पात्र ठरू शकेल अशी व्यक्ती तीच आहे. राज्य सरकारचे निवास व निर्वाह भत्ते विद्यार्थ्यांसाठी आहेत. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मोठी शहरे सोडून इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी तिची रक्कम वर्षाला ४३,००० रुपये असून त्यातील १२,००० रुपये निवासासाठी असतात. इतर मागास, विमुक्त व भटक्या प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमात शिकणाऱ्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, आणि तुमच्या वडिलांची एक एकर जमीन पाहता सातबारा व अल्पभूधारकाचा दाखला आताच काढून ठेवणे योग्य होईल. या रकमा हातात पडायला वेळ लागतो, म्हणून त्यांच्या भरवशावर घरमालकांना तारीख देऊ नका.

तिच्या शुल्काचीही चौकशी करा. २०२४-२५ पासून, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला असेल तर, शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. तुम्ही तिचे शुल्क भरत असाल, तर तो पैसा भाड्याकडे वळवता येईल. वसतिगृहाच्या रिकाम्या जागांची चौकशी वर्षाच्या मध्येही करावी. शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात वसतिगृहे उभी केली, ती खेड्यातल्या मुलांना राहायला जागा नाही म्हणून शिक्षण सुटू नये यासाठीच. दसरा चौकातून जाताना त्या इमारती पाहिल्या की मला दरवेळी त्याची आठवण होते, कारण माझे आजोबा त्यांपैकी एका बोर्डिंगमध्ये राहून शिकले.

तुमच्यासाठी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पाहण्यासारखी आहे. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचे रहिवासी आणि शिक्षण पूर्ण, अशा उमेदवारांना त्यात आयटीआय किंवा पदविका असल्यास दरमहा ८,००० रुपये विद्यावेतन थेट बँक खात्यात मिळते. नोंदणी महास्वयम् पोर्टलवर होते आणि जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात माहिती मिळते. ती कायम नोकरी नव्हे, पण खोलीचे भाडे आणि खानावळ त्यात निघू शकते.

मोबाइलवर दोन मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपकडे मात्र वळू नका. जुन्या सहकाऱ्यांबरोबर भिशी चालू असेल, तर या वेळचा नंबर आधी मागून पाहा. त्यात कमीपणा नाही.

प्रश्नकर्त्याचे पुढील निवेदन, नऊ दिवसांनंतर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. राजीनाम्यावर सही केलेली नाही. सातपैकी पाच जणांनी मिळून पत्र दिले आणि पोच घेतली. उरलेल्या दोघांनी आधीच सही केली होती, याचे मला फार वाईट वाटते. मी त्यांनाही सहायक कामगार आयुक्तांकडे सोबत यायला सांगितले आहे.

घरमालकांकडे त्याच संध्याकाळी गेलो. काकांनी कागद काढून स्वतःच्या अक्षरात लिहून घेतले : एक महिन्याचे भाडे अनामतीतून वळते, आता शिल्लक अनामत १०,५०० रुपये, आणि उरलेले ४,५०० रुपये दीड-दीड हजारांच्या तीन हप्त्यांत. करार नोंदवण्याचा खर्च निम्मा-निम्मा करू असे तेच म्हणाले. बहिणीचे शुल्क सवलतीत बसते की नाही, यासाठी कॉलेजमध्ये उत्पन्नाचा दाखला मागितला आहे; वडील तो चंदगडच्या तहसीलमधून काढत आहेत.

ईएसआयच्या शाखा कार्यालयात मंगळवारी जाणार आहे. ३६ पैकी ३४ महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून ठेवल्या आहेत, दोन महिन्यांच्या मिळाल्याच नव्हत्या. त्या दोन चिठ्ठ्यांमुळे दावा अडेल का?

उत्तर : टाइम ऑफिसमध्ये २२ वर्षे

अडण्याचे कारण नाही. वर्गणीची नोंद तुमच्या विमा क्रमांकावर असते. चिठ्ठ्या फक्त पडताळणीला उपयोगी पडतात. त्या दोन महिन्यांचा पगार जमा झालेले बँक पासबुकाचे पान, आधार कार्ड आणि कारखान्याला दिलेल्या पत्राची पोच, यांच्या दोन-दोन प्रती घेऊन जा. जाण्यापूर्वी खाते आधारशी जोडलेले आहे का, तेवढे बँकेतून पाहून घ्या.