मुलगी इंग्लंडच्या खेड्यात घर घेत आहे, सौदा झाला म्हणते पण इसार नाही. हे कसं?

आर्वीकडचा शेतकरी

नमस्कार मंडळी. आमची कापूस-तुरीची शेती, गाव आर्वी तालुक्यात. मुलगी इंग्लंडात नर्स आहे, जावई तिथंच नोकरीला. इतके दिवस शहरात भाड्यानं राहिले, आता श्रॉपशायरमध्ये लडलो नावाच्या गावापासून आत एका खेड्यात घर घेत आहेत. किंमत २,८५,००० पौंड, बरीचशी बँकेच्या कर्जातून. दगडाचं जुनं घर, मागं बाग, बागेपलीकडं मेंढ्यांचं कुरण. तिनं व्हिडिओवर सगळं दाखवलं. घर देखणं आहे, पण अख्ख्या व्हिडिओत रस्त्यावर माणूस दिसला नाही. लहान लेकरू आहे तिला, म्हणून जीव लागून राहतो.

ती म्हणते, "बाबा, ऑफर मान्य झाली." मी विचारलं, इसार किती दिला? म्हणे, काहीच नाही. आमच्याकडं इसारपावती झाल्याबिगर सौदा कोणी मानत नाही.

दुसरं असं, की मदत म्हणून दोन एकर वावर विकायचा माझा विचार आहे. तिनं मागितलं नाही, इच्छा माझी आहे. आणि गावच्या घराच्या नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घराच्या उताऱ्यावर, तिचं नाव भावाच्या बरोबरीनं चढवायचं आहे. दोन्ही कामं याच महिन्यात उरकून टाकू का? तिथं राहणाऱ्यांनी सांगावं.

दिग्रसची लेक, हेरफर्डशायर

काका, नमुना ८ चं काम आधी थांबवा. बाकीचं नंतर वाचा.

इंग्लंडात पहिलं घर घेणाऱ्याला स्टॅम्प ड्युटीत सवलत आहे. १ एप्रिल २०२५ पासून ३,००,००० पौंडांपर्यंत शून्य. पण अट कडक आहे: घेणाऱ्याच्या नावावर जगात कुठंही, कधीही, राहत्या घराचा हिस्सा नसला पाहिजे. वारशानं आलेलाही चालत नाही. तुम्ही आत्ता नाव चढवलं तर याच घरावर ४,२५० पौंड भरावे लागू शकतात. नंतर हक्कसोड करूनही उपयोग नाही, कारण अट "कधीही" अशी आहे. दोघांच्या नावानं घेत असतील तर जावयाच्या गावचं घरही बघा, दोघंही पात्र लागतात. घर वडिलोपार्जित असेल आणि तिचा हिस्सा आधीच ठरत असेल, तर ते सॉलिसिटरला, म्हणजे खरेदीचं काम बघणाऱ्या वकिलाला, लेखी सांगायचं, लपवायचं नाही. तिकडं घराचा ताबा मिळाला की खुशाल नाव चढवा. लेकीला बरोबरीनं धरता, हे वाचून फार बरं वाटलं.

आता इसाराचं. इथं ऑफर मान्य होणं म्हणजे नुसता शब्द. दोन्हीकडच्या करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणीही मागं फिरू शकतो, विकणारा जास्त भाव देणाऱ्याकडंही जाऊ शकतो. अदलाबदलीच्या दिवशी साधारण दहा टक्के भरतात. तोच तुमचा इसार समजा. मधले आठवडे वाया घालवायचे नसतात, घर तपासायचा काळ तोच.

जुन्या दगडी घराला स्वस्तातली पाहणी पुरत नाही. आरआयसीएस या सर्व्हेअरांच्या संस्थेच्या सर्व्हेअरकडून लेव्हल ३ ची, म्हणजे सगळ्यात सखोल पाहणी करा म्हणावं, ओल, छत, लाकूड सगळं त्यात येतं. घर लिस्टेड, म्हणजे जपायच्या जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीत, आहे का ते विचारा. असेल तर परवानगीशिवाय खिडकी बदलणंही गुन्हा ठरू शकतो.

मैलापाणी कुठं जातं हे तर विचाराच. आमच्या खेड्यात ना गटार आहे ना गॅसची लाइन. सेप्टिक टँक सरळ ओढ्यात सोडलेला असेल तर १ जानेवारी २०२० पासून ते नियमात बसत नाही, तो बदलायचा खर्च कोण करणार हे करारात यायला हवं. कधी कधी टाकी शेजाऱ्याच्या वावरात असते, तेव्हा तिथं जायचा हक्क कागदावर लागतो. घर तापवायला तेलाची टाकी असते आणि साधारण ५०० लिटरच्या खाली टँकर येत नाही. हिवाळ्याआधी ती रक्कम बाजूला ठेवावी लागते.

सातबारा इथं नाही. लँड रजिस्ट्रीचा उतारा आणि नकाशा काही पौंडांत कोणालाही मिळतो. पायवाट मात्र वेगळी बघायची. सार्वजनिक पायवाट बागेतून जात असेल तर ती बंद करता येत नाही, लोक कुत्रे घेऊन जाणारच. तिचा नकाशा श्रॉपशायर कौन्सिलकडं असतो. आणि पूर. लडलोजवळून टीम नदी वाहते, तिच्याच काठच्या टेनबरी वेल्समध्ये २०२० ला आणि २०२४ ला पाणी घुसलं. पुराचा धोका सरकारी संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. पाऊस झाल्यावर, अंधार पडल्यावर एकदा तिथं जाऊन उभी राहा म्हणावं पोरीला.

माणसं नाहीत असं नाही. दिसत नाहीत, कारण दारात बसायची पद्धत नाही. मी इथं आले तेव्हा डिसेंबर होता, चारलाच दिवस मावळायचा आणि मी खिडकीत रडायची. मग शेजारच्या आजीनं गावच्या हॉलमधल्या लहान पोरांच्या गटात नेलं. आज माझ्या पोरीला अख्खं गाव नावानं ओळखतं. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीला मीही जाते, रस्त्याच्या दिव्यावरून तिथं आपल्या ग्रामसभेइतकाच जीव काढतात.

यवतमाळ, बँकेतून निवृत्त

भाऊ, पैशाचं सांगतो. एका माणसाला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, पॅन लागतो. वर्षात १० लाखांच्या वर गेलं की अशा भेटीच्या त्यावरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. तो विवरणपत्र भरून परत मिळतो, पण तोवर अडकून पडतो. म्हणून १० लाख मार्चात, १० लाख एप्रिलात असं जमतं का बघा.

वावर विकलं तर संपूर्ण रक्कम खरेदीखतात आणि खात्यातच आली पाहिजे. आपल्याकडं वरचे पैसे रोखीत घ्यायची सवय आहे. त्या पैशाचा उगम तिथला सॉलिसिटर विचारेल आणि तुमच्याकडं कागद नसेल. त्यांना कर्ज देणारी तिथली बँक तुमच्याकडून पत्रही घेईल, की ही भेट आहे, कर्ज नाही, घरात माझा वाटा नाही. सही करायच्या आधी मुलाला, घरच्यांना सांगा.

माझं मत विचाराल तर वावर विकू नका. त्यांचं कर्ज मंजूर होऊन राहिलं ना? मग काऊन?

लिंकनशायर, मूळ वरुड

मी थोडं वेगळं लिहितो. आम्ही असंच शांत गाव बघून घर घेतलं आणि विकून शहराजवळ आलो. बायकोला गाडी येत नव्हती. बस दिवसाला दोन, रविवारी एकही नाही. दूध संपलं तरी गाडी काढा. काका, मुलगी नर्स आहे, म्हणजे रात्रपाळी असणार. पाळी संपवून पहाटे बर्फाळ अरुंद रस्त्यानं ती रोज येणार का, हे विचारा. शाळेचं म्हणाल तर आठ वर्षांखालच्या मुलाला जवळची योग्य शाळा दोन मैलांपेक्षा लांब असेल तर फुकट वाहन मिळतं, ती सोय चांगली आहे. पण दोघांनाही गाडी येत नसेल तर आधी त्याच भागात भाड्यानं राहून बघावं.

आर्वीकडचा शेतकरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मुलीशी बोललो. दोघंही गाडी चालवतात, जावयाचं काम घरूनच आहे, म्हणून पाळीच्या दिवशी लेकराजवळ तो राहील. त्याच्या नावावर गावाकडं काही नाही. सेप्टिक टँकचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं, आज ती दलालाला विचारणार आहे आणि सॉलिसिटरला आमच्या घराचं लेखी कळवणार आहे. ग्रामपंचायतीतला अर्ज मी मागं घेतला. वावराचं काय ते पीक निघाल्यावर बघू, घरची मंडळी विकायला तयार नाही. लेव्हल ३ चा अहवाल आला की इथं टाकतो, दिग्रसच्या ताईंनी तेवढा वाचून द्यावा.